हवा कोंडली म्हणून हिरवी

कोरियात गोर्यो राजवटीत (918 ते 1392) घडलेली सेलाडॉनची, म्हणजे हिरवट झिलई दिलेली मातीची भांडी पाहिली की वाटतं, या निळसर हिरव्या रंगासाठी एखादं दुर्मिळ खनिज वापरलं असणार. तसं काही नाही. हा रंग लोखंडाचा आहे, आपली कौलं लाल करणाऱ्याच लोखंडाचा! फरक पडतो भट्टीतल्या हवेमुळे.

भांड्यावरच्या झिलईत लोहाचं ऑक्साइड जेमतेम 1 ते 3 टक्के असतं. भट्टी सुमारे 1200 अंश सेल्सियसच्या घरात गेली की झिलई वितळून काच होते. त्या वेळी भरपूर हवा मिळाली, तर लोह ऑक्सिजन धरून ठेवतं आणि भांडं पिवळट तपकिरी निघतं. म्हणून कुंभार हवेची वाट बुजवून लाकूड घालत राहतो. अर्धवट जळणाऱ्या लाकडातून कार्बन मोनॉक्साइड निघतो आणि तो लोहाकडचा काही ऑक्सिजन हिरावून घेतो. अशा बदललेल्या लोहामुळे काच हिरवी दिसते. शिवाय काचेत अडकलेले असंख्य बारीक बुडबुडे प्रकाश विखुरतात, त्यामुळे रंगाला खोली येते. भट्टीत डोकावून हे सगळं तपासायचं कोणतंही साधन नसताना कोरियातल्या कांगजिन आणि बुआन या गावांच्या कुंभारांनी ते साधलं, याचं मला फार अप्रूप वाटतं. 1123 मध्ये आलेला चिनी दूत शू चिंग यानेही या रंगाची नोंद करून ठेवली आहे.

हा रंग वर चढवलेला नसून काचेतच बांधलेला असल्याने तो टिकतो. 2007 मध्ये कोरियातल्या तेआनच्या समुद्रात एका मच्छीमाराच्या हाती लागलेल्या ऑक्टोपसने सेलाडॉनची बशी धरून ठेवली होती. त्यावरून बुडालेलं जहाज सापडलं आणि हजारो भांडी वर आली. आठ शतकांहून अधिक काळ खाऱ्या पाण्यात राहूनही त्यांचा हिरवा रंग शाबूत होता.

कोरियन कारागिरांची खरी झेप मात्र ‘सांगगाम’ या जडावकामात दिसते. ओलसर भांड्यावर बगळे, ढग कोरायचे, खाचांत पांढरी किंवा लोहयुक्त माती भरायची, जास्तीची खरवडून काढायची. एकदा हलकं भाजून झिलई द्यायची आणि पुन्हा भट्टी लावायची. लोहयुक्त माती काळी होते. भांड्याची आणि भरलेली माती वाळताना नि भाजताना सारख्या प्रमाणात आकसली नाही, तर नक्षीला तडे जातात. त्यामुळे कोणती माती कोणत्या मातीशी जुळते, हे आधी नेमकं कळावं लागतं.

तांब्यापासून लाल रंग काढणं याहून अवघड. तांबं एवढ्या उष्णतेत उडून जातं, हवा थोडी जास्त झाली तर हिरवं पडतं. म्हणून गोर्यो कुंभारांनी ते मोजकंच वापरलं: एखाद्या फुलाच्या पाकळीवर, नाहीतर द्राक्षाच्या घोसावर.