कागदाच्या शेततळ्यातून वरच्या वर जाणारे पाणी

ठाणे जिल्ह्यात शहापूर-मुरबाडकडे वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तरी मार्च-एप्रिल आला की पाड्यांवर टँकर फिरू लागतात. कारणे विचारली की डोंगरउतार, खालचा काळा कातळ, धरणांतून शहरांकडे जाणारे पाणी असे सगळे सांगितले जाते. साठलेल्या पाण्यापैकी ऊन आणि वारा किती नेतात, हे कोणी फारसे काढत नाही.

पूर्वी ते काढायची गरजही नव्हती. ठाण्याच्या मासुंदा तलावापासून गावोगावच्या तळ्यांपर्यंत बहुतेक साठे गुरे, धुणे, वापराचे पाणी यांसाठी होते. शेती भाताची, तीही पावसावर. नंतर जमिनीतल्या ओलीवर वाल, हरभरा. मे महिन्यापर्यंत पाणी राखून भेंडी-काकडी काढायची, हा अलीकडचा हिशेब.

देशपातळीवर बाष्पीभवनाच्या या प्रश्नाला १९५०च्या दशकाच्या अखेरीस हात घातला गेला. सेटिल अल्कोहोल हा मेणासारखा पदार्थ पाण्यावर पसरवला की एका रेणूच्या जाडीचा थर तयार होतो आणि वाफ अडते. पुण्यातल्या एका राष्ट्रीय प्रयोगशाळेने अशा रसायनांवर पुष्कळ काम केले, दुष्काळी वर्षांत काही राज्यांतल्या जलाशयांवर ती फवारलीही गेली. पण वारा वाढला की थर फाटतो आणि काठाला जाऊन साचतो, पुन्हा पुन्हा टाकावा लागतो. आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारनंतर पश्चिमेकडून वारा सुटतो, म्हणजे नेमके बाष्पीभवन जोरात असते तेव्हाच. छोट्या शेतकऱ्यासाठी हा मार्ग कधीच नव्हता.

त्याच्या दृष्टीने खरी गोष्ट सुरू होते ती २०१६च्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेपासून. मापे ठरलेली: लहानात लहान १५ x १५ x ३ मीटर, मोठ्यात मोठे ३० x ३० x ३. अनुदान तेव्हा जास्तीत जास्त ५० हजार रुपये. मुळात हे तळे संरक्षित सिंचनासाठी होते. पावसाने ओढ दिली, भात पोटरीत (कणीस बाहेर पडण्याआधी) असताना पाणी कमी पडले, तर एक-दोन पाळ्या द्यायच्या. तेवढ्यासाठी मातीचे उघडे तळे पुरते. आपल्या मुरमाड जमिनीत त्याचे पाणी दिवाळीनंतर झपाट्याने उतरते, पण मुरलेले पाणी खालच्या अंगाच्या विहिरीला लागते. ते वाया गेले असे म्हणता येत नाही.

मग तळ्यात कागद आला आणि वाद इथेच आहे. ५०० मायक्रॉनचा, म्हणजे अर्धा मिलिमीटर जाडीचा, प्लास्टिक कागद अंथरला की झिरपणे थांबते, पाणी उन्हाळ्यापर्यंत टिकते आणि शेतकऱ्याच्या हातात दुसरे पीक येते. माझ्या मते कागद टाकणाऱ्याला दोष देता येणार नाही. भाजीचे चार पैसे त्याला त्यातूनच मिळतात. पण कागद टाकला त्याच दिवशी तळ्याचे स्वरूप बदलले. मुरायची वाट बंद झाली, पाणी जायला एकच वाट उरली, ती वरची. आणि त्या वाटेने गेलेले पाणी कोणाच्याच विहिरीला लागत नाही. राज्याच्या कोरड्या भागांत तर बोअरचे पाणी उपसून असली तळी भरली जातात. जमिनीखाली सुरक्षित असलेले पाणी वर आणून उन्हात पसरायचे, यावर टीका झाली ती रास्तच आहे. ठाण्याकडे तळी मुख्यतः पावसानेच भरतात, म्हणून ती टीका इथे तशीच लावू नये. वरची गळती मात्र इथेही आहेच.

हिशेब करून पाहू. काठाचा उतार एकास एक (जितका खोल, तितकाच आडवा) धरला, तर मोठ्या तळ्यात २,१९६ घनमीटर पाणी मावते, लहानात ४४१. बाष्पीभवन दिवसाला सरासरी ५ मिलिमीटर धरले, तर ऑक्टोबर ते मे या आठ महिन्यांत पातळी सुमारे १.२ मीटर खाली जाते. उपसा अजिबात केला नाही तरी मोठ्या तळ्यातले साधारण ४५ टक्के पाणी गेले, लहानातले निम्म्याहून जास्त. खोली सगळ्यांना तीनच मीटर, त्यामुळे ज्याची जमीन कमी, त्याचा तोटा टक्क्यांत जास्त. कातळात आणखी खोल जायचे तर खर्च परवडत नाही, हे खरे. पण मग वरून झाकण्याचा विचार खोदाईबरोबरच व्हायला हवा होता.

झाकण्याचे उपाय नवे नाहीत. ताणून बांधलेली शेडनेट (सावलीची जाळी) निम्म्याहून अधिक बाष्पीभवन वाचवू शकते. फक्त ३० मीटरच्या तळ्यावर ती ताणायला मधे आधार लागतो आणि पावसाळ्यापूर्वी काढावी लागते. लहान तळ्यावर काठाने मांडव घालून दोडका-कारले चढवता येते. पश्चिमेला झाडांची ओळ लावली तर वारा अडतो, पण मुळे कागदापासून लांब हवीत.

मोठ्या साठ्यांवर गेली दहा-बारा वर्षे सौर पॅनेलचीच चर्चा आहे. शेजारच्या गुजरातने २०१२ मध्ये कालव्यावर पॅनेल बसवून दाखवले. नवी मुंबईला पाणी देणाऱ्या मोरबे धरणावर तरंगत्या पॅनेलची योजना मांडली गेली. जायकवाडीवरच्या तशाच प्रस्तावाला पक्षी आणि मासेमारी या मुद्द्यांवर विरोध झाला. या सगळ्यात वीज आधी येते, वाचलेले पाणी नंतर. शेततळ्याच्या वाट्याला यातले अजून काही आलेले नाही.

मोजमाप मात्र शेतकऱ्याला स्वतःला करता येते. हवामान केंद्रावरचे बाष्पीभवन पात्र १२०.७ सेंटिमीटर व्यासाचे, २५ सेंटिमीटर खोल असते, पक्षी पाणी पिऊ नयेत म्हणून वर जाळी. त्यातल्या घटीला साधारण ०.७ने गुणले की उघड्या तळ्याचा अंदाज येतो. पंप बंद ठेवून आठवडाभर तळ्यातल्या पट्टीवर खूण करावी. साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास उतरले तर ते उन्हाने नेले. त्याच्या दुप्पट उतरले, तर कागद कुठे फाटलाय ते आधी शोधावे.