शिनोळीला कंपनी, उद्यमबागेत कारखाना: काय कुठे नोंदवायचं?

"काका, कंपनी शिनोळीला काढली तर इकडचा टॅक्स सुटतोय न्हवं?" हा प्रश्न बेळगावातल्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत चहाच्या गाड्यावर इतक्यांदा ऐकलाय, की आता उत्तराआधी कपाळाला आठी पडते. बेळगाव कर्नाटकात, शिनोळी सीमेपलीकडे महाराष्ट्रात, चंदगड तालुक्यात. विचारणारी पोरं काही कच्ची नसतात. फाउंड्री, मशिनिंग, हायड्रॉलिक्स सगळं कोळून प्यायलेली असतात. घोळ होतो तो गाडीमुळे. केए-२२ की एमएच-०९, एकदा पासिंग ठरलं की रोड टॅक्सही त्याच राज्याचा, हे डोक्यात पक्कं बसलंय. कंपनीचंही तसंच असणार, असं धरून चालतात.

जीएसटी तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त पाठ असेल. पंधरा अक्षरी नंबर, पहिले दोन आकडे राज्याचे (महाराष्ट्र २७, कर्नाटक २९), पुढे तुमचा पॅन. माल किंवा सेवा ज्या राज्यातून जाते, नोंदणी त्या राज्यात. फक्त एक आठवण: मालासाठी असलेली ४० लाखांच्या उलाढालीची सूट आपल्या भागात बऱ्याचदा नावालाच उरते. बेळगावातून चंदगडच्या दुकानात माल पोचवून बिल फाडलं की तो आंतरराज्य पुरवठा झाला, आणि मग उलाढाल कितीही असो, नोंदणी घ्यावीच लागते.

आता कंपनी. कंपनी कायदा, २०१३ हा केंद्राचा. अर्ज स्पाइस प्लस फॉर्मवर ऑनलाइन जातो आणि त्याची छाननी हरियाणात मानेसरला होते, अर्जदार खानापूरचा असो की गडहिंग्लजचा. यात राज्य येतं ते रजिस्टर्ड ऑफिसच्या पत्त्यापुरतं. कंपन्यांची नोंद ठेवणारा रजिस्ट्रार बेंगळुरूचा की पुण्याचा, मेमोरँडम आणि आर्टिकल्सवर (कंपनीच्या उद्देशांचे आणि नियमांचे कागद) स्टँप ड्युटी कुठल्या राज्याची, २१ अक्षरी सीआयएनमध्ये (कंपनीचा ओळख क्रमांक) केए येणार की एमएच, हे त्या पत्त्यावरून ठरतं. इन्कम टॅक्सचा दर दोन्हीकडे तोच. प्रोप्रायटरी धंद्याला हा प्रश्नच नाही, कारण तिथे वेगळी कंपनी जन्मालाच येत नाही.

खरी ठेच इथेच लागते. सीआयएनमध्ये एमएच आहे, तर जीएसटी नंबरही २७ चाच हवा, असं लोक समजतात. तसा काही संबंध नाही. रजिस्टर्ड ऑफिस शिनोळीत आणि सगळं काम उद्यमबागेत असेल, तर त्या कंपनीला कर्नाटकचा २९ चा नंबर लागतो. शिनोळीतून काहीच विकलं जात नसेल तर २७ चा नंबर घ्यायची गरजही नाही. काहीजण उलटं करतात: नंबर घेतात फक्त २७ चा, आणि गोडाऊन ठेवतात बेळगावात. त्या गोडाऊनमधून माल विकला की २९ चा नंबर न घेणं हा सरळ कायदाभंग. आणि नंबर टाळून पैसे वाचतात म्हणावं, तर तेही नाही. जागेच्या भाड्यावरचा कर जागा जिथे आहे त्या राज्याचा. मालक जीएसटीवाला असेल आणि भाडं महिना ५०,००० असेल, तर १८ टक्क्यांनी ९,००० रुपये केंद्राचा आणि कर्नाटकचा कर म्हणून लागतात. २७ च्या नंबरवर त्याचं क्रेडिट, म्हणजे भरलेल्या कराची वजावट, मिळत नाही. वर्षाला १,०८,००० रुपये पाण्यात.

दोन्हीकडे खरोखरच युनिट असेल तर कंपनी एक, पॅन एक, सीआयएन एक, पण जीएसटी नंबर दोन. कायद्याच्या नजरेत हे दोन नंबर म्हणजे दोन वेगळ्या व्यक्ती. शिनोळीच्या युनिटमधून ५ लाखांचा माल विक्रीसाठी आपल्याच उद्यमबागेतल्या युनिटला पाठवला, तरी टॅक्स इनव्हॉइस काढायचं आणि १८ टक्क्यांनी ९०,००० आयजीएसटी (आंतरराज्य व्यवहारावरचा जीएसटी) लावायचा. उद्यमबागेच्या नंबरवर क्रेडिट मिळतं, पण मधल्या काळात पैसा अडकतो. "स्वतःचाच माल स्वतःला कसा विकायचा?" असं विचारत बसू नका. माल वाहून न्यायला ई-वे बिलही (ऑनलाइन काढायचा वाहतूक परवाना) लागतं.

प्रोफेशनल टॅक्स, शॉप अ‍ॅक्ट, उद्योग धोरणातल्या सवलती, हे सगळं जिथे माणसं कामाला आणि यंत्रं बसवलेली तिथलं. पाटीचंही तसंच. पत्ता पुण्याच्या रजिस्ट्रारकडे नोंदवला म्हणून बेळगावातल्या दुकानाला कर्नाटकचा ६० टक्के कन्नडचा नियम चुकत नाही. पाटीसाठी कंपनीचं राज्य बदलायला निघालेला माणूस मी पाहिलाय, म्हणून सांगतो.

मग रजिस्टर्ड ऑफिस कुठे ठेवायचं? जिथे तुम्ही रोज बसता तिथे. माझं मत ठाम आहे: बेळगावात राहणाऱ्याने बेळगावचाच पत्ता द्यावा. सरकारी पत्रं आणि नोटिसा त्या पत्त्यावर येतात, रजिस्ट्रार प्रत्यक्ष तपासणीही करू शकतो, आणि पत्ता नुसता कागदावरचा निघाला तर दिवसाला १,००० रुपयांप्रमाणे १ लाखापर्यंत दंड होऊ शकतो. आमच्या घरातल्याच एका कंपनीला सीमेपलीकडच्या मामांचा पत्ता दिला होता. वार्षिक विवरणपत्रं राहिल्याची नोटीस तिथे पोचली, आणि मामांनी ती जपून कॅलेंडरमागे खोचून ठेवली. आम्हाला कळेपर्यंत प्रत्येक फॉर्ममागे दिवसाला १०० रुपये चढत होते. मामांना काय बोलणार?

"आता कोल्हापूरला हायकोर्टाचं बेंच आलंय की," असंही ऐकू येतं. ऑगस्ट २०२५ मध्ये तिथे सर्किट बेंच सुरू झालं, खरं आहे. पण भागधारकांचं भांडण जातं एनसीएलटीकडे (कंपन्यांचे खटले चालवणारं न्यायाधिकरण), आणि महाराष्ट्रातल्या कंपनीसाठी ती मुंबईला बसते. कर्नाटकातल्या कंपनीसाठी बेंगळुरूला. रात्रीची गाडी दोन्हीकडे आहे, तेवढ्यासाठी राज्य निवडू नका.

आणि मागाहून बदलू म्हणाल, तर राज्य ओलांडणं सोपं नाही. विशेष ठराव, वर्तमानपत्रात जाहिरात, देणेकऱ्यांना नोटिसा, केंद्राच्या रीजनल डायरेक्टरची मंजुरी, आणि शेवटी नव्या राज्याच्या रजिस्ट्रारकडून नवं प्रमाणपत्र. सीआयएन बदलला की लेटरहेडपासून बँकेपर्यंत सगळीकडे तो बदलत फिरा. टिळकवाडीतून उद्यमबागेत पत्ता हलवायला मात्र संचालकांचा ठराव आणि ३० दिवसांत भरलेला पत्ता बदलाचा फॉर्म आयएनसी-२२, एवढ्यावर भागतं.