हॅरिमनबाईंचं मत

१९५५ साली वॉशिंग्टनच्या रस्त्यांवरून एक मोर्चा निघाला आणि त्याच्या अग्रभागी पंच्याऐंशीच्या घरातल्या एक बाई होत्या. मागणी मतदानाच्या हक्काची होती. वाचणारा इथेच अडखळेल, कारण अमेरिकेतल्या बायकांना राष्ट्रीय पातळीवर मताधिकार मिळाला तो १९२० मध्ये, म्हणजे या मोर्चाच्या पस्तीस वर्षं आधी. त्या लढ्यातही या बाई होत्याच. पण वॉशिंग्टन हे शहर कुठल्याच राज्यात मोडत नाही, आणि राज्य नाही म्हणून तिथल्या रहिवाशाला, बाई असो की पुरुष, राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत मत नव्हतं. काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, प्रतिनिधी नाही, निवडून दिलेला महापौरही नाही. मताधिकारासाठी झगडलेल्या बाई जाऊन राहिल्या नेमक्या त्या शहरात.

फ्लॉरेन्स जॅफ्री हॅरिमन हे त्यांचं नाव, ओळखीच्यांत डेझी. त्यांच्याबद्दल लिहिताना ‘उच्चभ्रू वर्तुळातली स्त्री समाजसुधारक झाली’ असं एका वाक्यात उरकायची पद्धत आहे. मला ते पटत नाही. त्या वर्तुळातून बाहेर पडल्याच नाहीत. त्यांनी ते वर्तुळच कामाला जुंपलं.

जन्म २१ जुलै १८७०, न्यूयॉर्क. वडील जहाज व्यवसायातले बडे गृहस्थ. आई लहानपणीच गेली, त्यामुळे त्या आजोळी वाढल्या. खासगी शिकवणी व्हायची ती जे. पी. मॉर्गन या धनाढ्य बँकरच्या घरी. १८८९ मध्ये जे. बोर्डन हॅरिमन या बँकरशी लग्न झालं. रेल्वेसम्राट ई. एच. हॅरिमन याच घराण्यातले. उन्हाळ्यात समुद्रकाठचं घर, हिवाळ्यात न्यूयॉर्क, मधल्या काळात युरोप असा वर्षाचा रिवाज होता. हे सगळं तसंच चालू राहिलं असतं तर त्यांच्याबद्दल कुणी चार ओळीही लिहिल्या नसत्या.

निमित्त झालं घराच्या दुरुस्तीचं. १९०२ च्या सुमाराला न्यूयॉर्कमधल्या घराचं काम निघालं होतं आणि बाईंना काही दिवस शहरात मुक्काम करायचा होता. हॉटेलात उतरते म्हटल्यावर नवऱ्याने हरकत घेतली. भल्या घरची बाई एकटी हॉटेलात राहते हे दिसायला बरं नव्हतं. पुरुषाचा प्रश्न आला असता तर उत्तर तयारच होतं, तो आपल्या क्लबात झोपला असता. मग बायकांचा असा क्लब का नाही? पुढच्याच वर्षी, १९०३ मध्ये, ‘कॉलनी क्लब’ची स्थापना झाली. पुरुषांच्या क्लबांच्या धर्तीवरचा, स्वतःची इमारत असलेला, न्यूयॉर्कमधल्या बायकांचा तो पहिलाच बडा क्लब. मॉर्गनची मुलगी अ‍ॅन हीसुद्धा संस्थापकांत होती. मॅडिसन अ‍ॅव्हेन्यूवरच्या इमारतीचा आराखडा स्टॅनफर्ड व्हाइट या नामांकित वास्तुरचनाकाराचा. इमारत पुरी व्हायच्या आत, १९०६ मध्ये त्याचा नाटकाच्या भर प्रयोगात खून झाला आणि तो खटला देशभर गाजला. आतली सजावट एल्सी डि वुल्फ हिची, आणि तिची कारकीर्द इथूनच फुलली. पोहण्याचा तलाव, व्यायामशाळा, राहायला खोल्या, सगळं होतं. अध्यक्षपद १९१६ पर्यंत हॅरिमनबाईंकडे होतं.

श्रीमंत बायकांना पोहायला तलाव मिळाला, यात समाजसुधारणा कुठली, असं कुणी म्हणेल. रास्त आहे. पण १९०९ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कमध्ये बायकांचे शर्ट शिवणाऱ्या कारखान्यांतल्या कामगारणींचा संप झाला. वीस हजारांच्या आसपास मुली, बहुतेक पूर्व युरोपातून आणि इटलीतून आलेल्या, बऱ्याच जणी विशीच्या आतल्या. मोर्चे-धरणं, पोलिसांचे फटके, अटका. डिसेंबरात त्यांतल्या काही जणींना कॉलनी क्लबात बोलावलं गेलं. ज्या बायकांच्या अंगावर तसले कपडे होते त्यांच्यासमोर, ते शिवणाऱ्या मुलींनी आपला पगार किती, दिवस किती तासांचा आणि दंड कशाकशाचा होतो ते सांगितलं. टोपी फिरवून पैसे गोळा झाले. अशा श्रीमंत पाठीराख्यांना पुढे ‘मिंक ब्रिगेड’ असं चिडवण्यात येऊ लागलं, आणि डाव्या चळवळीतल्या बायकांना त्यांचं प्रेम संशयास्पदच वाटत राहिलं. संशय अगदीच खोटा नव्हता. संप चिघळल्यावर यांतल्या काहींचा जोश ओसरला. पण सव्वा वर्षाने, मार्च १९११ मध्ये, ट्रायअँगल कारखान्याला आग लागून १४६ कामगार मेले, तेव्हा त्या मुली दिवाणखान्यात येऊन काय सांगून गेल्या होत्या हे न्यूयॉर्कच्या बड्या घरांनी ऐकलेलं होतं.

हॅरिमनबाई तेव्हा इतरही कामांत होत्या. १९०६ पासून बेडफर्ड इथल्या स्त्री-सुधारगृहाच्या व्यवस्थापन मंडळावर, बालमजुरीविरुद्धच्या आणि शुद्ध दुधाच्या मोहिमांत, शिवाय पाचव्या अ‍ॅव्हेन्यूवरून निघालेल्या मताधिकाराच्या मोर्चाच्या आघाडीवर. पाचवा अ‍ॅव्हेन्यू म्हणजे त्यांच्याच ओळखीपाळखीच्यांची घरं असलेला रस्ता. खिडकीतून बघणारे अनोळखी नव्हते, हे त्या काळच्या बाईला सोपं गेलं नसणार.

राजकारणाची पायरी १९१२ ची. वुड्रो विल्सन डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार झाले आणि त्यांच्यासाठी काम करणाऱ्या देशव्यापी महिला संघटनेचं नेतृत्व बाईंकडे आलं. गंमत अशी, की विल्सन तेव्हा बायकांच्या मताधिकाराच्या बाजूने नव्हते. त्याच निवडणुकीत थिओडोर रूझवेल्ट यांचा नवा पक्ष मताधिकाराला उघड पाठिंबा देत होता. तरी बाईंनी निवड केली विल्सनची. घटनादुरुस्तीच्या मागे उभं राहायला विल्सनना १९१८ उजाडावं लागलं. बाईंनी चुकीचा घोडा निवडला की दूरचा हिशेब केला, यावर वाद घालता येईल. फळ मात्र लगेच मिळालं. १९१३ मध्ये विल्सननी त्यांना औद्योगिक संबंधांच्या चौकशी आयोगावर नेमलं. नऊ सदस्य, तीन मालकांचे, तीन कामगारांचे, तीन जनतेचे. नऊ जणांत बाई एकच.

हा आयोग कागदी नव्हता. १९१० मध्ये लॉस एंजेलिसच्या एका वर्तमानपत्राच्या कचेरीत बॉम्बस्फोट होऊन एकवीस माणसं मेली होती. मालक-मजूर भांडण आता कुठवर जाणार या धास्तीतून तो जन्मला. त्याचं काम सुरू असतानाच २० एप्रिल १९१४ रोजी कोलोरॅडोतल्या लडलो इथे संपकरी खाणकामगारांच्या तंबूंवर राज्याच्या सैनिकांनी गोळीबार केला, तंबू पेटले. एका तंबूखाली खणलेल्या खड्ड्यात लपलेल्या दोन बायका आणि अकरा मुलं गुदमरून गेली. खाण रॉकफेलर कुटुंबाच्या ताब्यातली. आयोगाचे अध्यक्ष फ्रँक वॉल्श यांनी धाकट्या रॉकफेलरना साक्षीला बोलावून भर सुनावणीत सोलून काढलं.

टेबलाच्या एका बाजूला रॉकफेलर, दुसऱ्या बाजूला हॅरिमन. जिथे ही दोन आडनावं एरवी जेवणाच्या पंगतीत शेजारी बसायची, तिथे एक जबाब देत होतं आणि दुसरं ऐकत होतं. बाईंच्या घरातही तेव्हा दुःख होतं, डिसेंबर १९१४ मध्ये पती गेले. १९१५ मध्ये अहवाल लिहायची वेळ आली आणि आयोग फुटला. वॉल्श आणि कामगार प्रतिनिधींनी सही केलेल्या अहवालाने संपत्तीच्या केंद्रीकरणावर थेट बोट ठेवलं. हॅरिमनबाईंनी त्यावर सही केली नाही. अर्थतज्ज्ञ जॉन कॉमन्स यांच्याबरोबर त्यांनी वेगळं मत नोंदवलं: दोषारोप करून भागणार नाही, मालक आणि मजूर दोघांचे प्रतिनिधी असलेली कायमची सरकारी मंडळं हवीत, तंटे तिथे मिटावेत. मालकांच्या प्रतिनिधींना हे बरंचसं मानवलं, यातच त्याची मर्यादा दिसते. वॉल्शचा अहवाल वाचताना आजही अंगावर काटा येतो, कॉमन्स-हॅरिमन अहवाल वाचताना जांभई येते. पण पुढच्या दोन दशकांत कामगार कायदे ज्या वाटेने आले, ती वाट या जांभईच्या अहवालाच्या बरीच जवळची होती.

पहिल्या महायुद्धात त्या कारखान्यांतल्या स्त्री-कामगारांसाठीच्या सरकारी समितीच्या प्रमुख होत्या, शिवाय रेडक्रॉससाठी मोटारी चालवणाऱ्या बायकांचं पथक त्यांनी उभं केलं. मुक्काम आता वॉशिंग्टनला. १९२० मध्ये बायकांना मत मिळालं, आणि १९२२ मध्ये त्यांनी तिथे डेमोक्रॅट बायकांचा राष्ट्रीय क्लब काढला. पुन्हा क्लबच. पक्ष सत्तेबाहेर, त्यामुळे बाराएक वर्षं बाईंच्या ‘अपलँड्स’ नावाच्या घरातलं रविवारचं रात्रीचं जेवण हाच विरोधी पक्षाचा अड्डा होता. दोन्ही पक्षांची माणसं एकाच टेबलावर बसवायची, कुजबुजीत गप्पा चालू द्यायच्या नाहीत, एखादा विषय काढून सगळ्यांना त्यावर बोलतं करायचं, ही त्यांची रीत होती. त्या शहरात त्यांना मतपत्रिका मिळत नव्हती, पण मत मात्र सगळे विचारत होते.

फ्रँकलिन रूझवेल्ट निवडून आले तेव्हा बाईंना पद मिळेल असं वाटणं साहजिक होतं. पण १९३२ मध्ये उमेदवारीच्या वेळी त्या रूझवेल्टच्या सुरुवातीच्या समर्थकांत नव्हत्या, आणि अशा गोष्टी राजकारणात लक्षात राहतात. १९३७ उजाडलं. सदुसष्टीला टेकल्या असताना त्यांना नॉर्वेत अमेरिकेच्या वकील, म्हणजे सरकारच्या राजनैतिक प्रतिनिधी, म्हणून पाठवण्यात आलं. रूथ ब्रायन ओवेन यांच्यानंतर वकिलातीच्या प्रमुखपदी बसणाऱ्या त्या दुसऱ्याच अमेरिकन बाई. जागा निवांत समजली जायची. ऑस्लोतल्या अमेरिकन वकिलाच्या निवासस्थानाचं नावही ‘व्हिला ओटियम’, आणि ‘ओटियम’ म्हणजे लॅटिनमध्ये फुरसत.

फुरसत दोन वर्षं टिकली. ऑक्टोबर १९३९ मध्ये ‘सिटी ऑफ फ्लिंट’ हे अमेरिकन मालवाहू जहाज जर्मन युद्धनौकेने पकडलं आणि जर्मन खलाशी चढवून ते नॉर्वेच्या किनाऱ्याने फिरवलं. अखेर नोव्हेंबरात नॉर्वेने हाउगेसुंड बंदरात ते सोडवलं. हा नुसता इशारा होता.

९ एप्रिल १९४० च्या पहाटे तीनच्या सुमाराला बाईंच्या उशाशी टेलिफोन खणखणला. पलीकडे ब्रिटिश वकील सर सेसिल डॉर्मर. जर्मन युद्धनौका ऑस्लोच्या खाडीत शिरल्या आहेत, आम्हाला निघावं लागेल, आमच्या वकिलातीचा कारभार तुम्ही सांभाळाल का? बाईंनी परराष्ट्रमंत्री कोट यांच्याशी बोलून खात्री केली आणि वॉशिंग्टनला तार केली. नॉर्वेवर हल्ला झाल्याची अमेरिकेला मिळालेली पहिली बातमी ती हीच. त्या पहाटे खाडीतल्या ऑस्कर्सबोर्ग किल्ल्यावरच्या जुन्यापुराण्या तोफांनी ‘ब्ल्यूखर’ ही जर्मन क्रूझर बुडवली आणि काही तास मिळवून दिले. तेवढ्या वेळात राजे हाकोन आणि मंत्रिमंडळ रेल्वेने उत्तरेला निसटले. हॅरिमनबाई मागोमाग मोटारीने निघाल्या. हामार, तिथून एल्व्हेरुम, पुढे स्वीडनच्या सरहद्दीकडे. बर्फ, अंधार, वर जर्मन विमानं. वकील ज्या सरकारकडे पाठवलेला असतो त्या सरकारसोबत त्याने राहायचं, हा नियम. सरकार रानोमाळ पळत असेल तर काय करायचं, याचं उत्तर कुठल्या नियमावलीत नव्हतं.

त्यांच्या मदतीला स्वीडनमार्गे आलेले कॅप्टन रॉबर्ट लोसी हे लष्करी प्रतिनिधी ३१ वर्षांचे होते. मागे राहिलेले वकिलातीतले लोक शोधून आणायला बाई स्वतः परत जायला निघाल्या होत्या. लोसींनी अडवलं: तुम्ही सापडलात किंवा मेलात तर देश अडचणीत येईल, मी जातो. २१ एप्रिलला डोंबोस इथे रेल्वेच्या बोगद्याच्या तोंडाशी उभे असताना जर्मन बॉम्बचा तुकडा त्यांच्या छातीत घुसला. दुसऱ्या महायुद्धात शत्रूच्या माऱ्यात मेलेला अमेरिकन सैन्यदलातला पहिला माणूस म्हणून त्यांची नोंद आहे, अमेरिका युद्धात उतरायच्या दीड वर्षाहूनही आधीची.

त्याच ऑगस्टात फिनलंडच्या पेत्सामो बंदरातून ‘अमेरिकन लीजन’ हे जहाज सुटलं. आठशे-नऊशे प्रवासी, अडकून पडलेले अमेरिकन, निर्वासित, आणि नॉर्वेची युवराज्ञी मार्था आपल्या तीन मुलांसह. गुपचूप चढवलेली एक बोफोर्स तोफही होती. ‘बोफोर्स’ म्हटल्यावर आपल्याला दुसरंच काही आठवतं, पण ही त्याच स्वीडिश कारखान्याची जुनी विमानवेधी तोफ. युवराज्ञीला सांभाळून नेणाऱ्या होत्या हॅरिमनबाई. मुलांतला धाकटा हाराल्ड तेव्हा तीन वर्षांचा, १९९१ मध्ये तो नॉर्वेचा राजा झाला.

नॉर्वेने त्यांना सेंट ओलाव्हचा ग्रँड क्रॉस दिला. १९६३ मध्ये केनेडींनी राष्ट्राध्यक्षांचं विशेष सेवेचं सन्मानपत्र दिलं, त्या प्रकारातलं पहिलंच. बाई तेव्हा ९२ वर्षांच्या. आयुष्यभरातली त्यांची सगळी पदं अशीच, कुणी तरी नेमलेली किंवा दिलेली. सार्वजनिक निवडणुकीत निवडून आलेलं एकही नाही, आणि राहत्या शहरात त्यांना ते मिळणं शक्यही नव्हतं.

त्या १९५५ च्या मोर्चाचं पुढे काय झालं, तर १९६१ मध्ये तेविसावी घटनादुरुस्ती झाली आणि वॉशिंग्टनच्या रहिवाशांना निदान राष्ट्राध्यक्षासाठी मत देता येऊ लागलं. अशी पहिली निवडणूक १९६४ ची, बाईंचं वय ९४. ३१ ऑगस्ट १९६७ रोजी त्या वॉशिंग्टनलाच वारल्या. शहराला महापौर निवडायचा हक्क देणारा कायदा झाला १९७३ मध्ये.