जेम्स, ॲलेक्स
जेम्स, ॲलेक्स : (१४ सप्टेंबर १९०१ – १ जून १९५३). दोन महायुद्धांदरम्यानच्या काळातील स्कॉटिश व्यावसायिक फुटबॉलपटू. जन्म लॅनर्कशरमधील मॉसएंड येथे. शेजारच्या बेल्सहिलचा ख्यातनाम सेंटर-फॉरवर्ड (आघाडीचा मध्यवर्ती खेळाडू) ह्यूई गॅलाकर हा त्याचा बालमित्र. रेथ रोव्हर्स (१९२२–२५) आणि प्रेस्टन नॉर्थ एंड (१९२५–२९) या क्लबांकडून खेळल्यावर १९२९ मध्ये आर्सेनलने त्याला सुमारे ८,७५० पौंडांना घेतले. त्या वेळी खेळाडूला आठवड्याला ८ पौंडांहून अधिक वेतन देण्यास इंग्लंडच्या फुटबॉल लीगची मनाई होती. लंडनच्या सेल्फ्रिजेस या दुकानात वर्षाला २५० पौंडांची नोकरी मिळवून जेम्सने ही मर्यादा ओलांडली. लीगने चौकशी केली. पण करार टिकला.

प्रेस्टनमध्ये तो भरपूर गोल करी. आर्सेनलमध्ये मात्र २६१ सामन्यांत त्याचे गोल अवघे २७. याचे कारण डब्ल्यूएम व्यूहात (मैदानावर W आणि M या अक्षरांसारखी दिसणारी खेळाडूंची मांडणी) आहे. १९२५ मध्ये ऑफसाइडचा नियम सैल झाला : पास दिला जाताना आक्रमकापुढे प्रतिपक्षाचे तीनऐवजी दोनच खेळाडू असले तरी चालू लागले. त्यामुळे बचाव उघडा पडला. ३ ऑक्टोबर १९२५ रोजी आर्सेनलने न्यूकॅसलकडून ०–७ असा मार खाल्ल्यावर त्यांचा खेळाडू चार्ली बकनने व्यवस्थापक हर्बर्ट चॅपमनला सेंटर-हाफ (मधल्या फळीतला मध्यवर्ती खेळाडू) मागे ओढायला लावले व तिसरा बॅक (बचावपटू) जन्मला, अशी प्रचलित हकिकत आहे. तिचा मुख्य आधार बकनच्या आठवणी आहेत. त्याच सामन्यात न्यूकॅसलचा चार्ली स्पेन्सर मागे राहून खेळत होता, असेही सांगतात. एकाच हंगामात अनेक क्लब स्वतंत्रपणे या तोडग्याकडे वळले असावेत, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. सेंटर-हाफ मागे गेल्याने मधली फळी विरळ झाली आणि ती भरण्यासाठी इनसाइड-फॉरवर्डला (सेंटर-फॉरवर्डच्या बाजूच्या आक्रमकाला) खाली उतरावे लागले. आर्सेनलमध्ये हे काम आधी अँडी नीलकडे होते. त्याला पूर्णत्व आणले ते जेम्सने. आपल्या गोलजवळ चेंडू घ्यायचा, अंगावर आलेल्याला हुलकावणी द्यायची आणि लांब पासने बॅस्टिन किंवा ह्यूम या विंगरांना (कडेच्या आक्रमकांना) मोकळे करायचे, ही त्याची रीत.

१९३० च्या एफए कप अंतिम सामन्यात हडर्सफील्डविरुद्ध त्याने बचावफळी सावरण्यापूर्वीच झटपट फ्री-किक बॅस्टिनकडे दिली, परतीचा पास घेतला आणि गोल केला. आर्सेनल २–० ने जिंकले. पुढे चार लीग विजेतेपदे (१९३१, १९३३, १९३४, १९३५) आणि कर्णधार म्हणून १९३६ चा कप.

त्याच्या ढगळ चड्डीविषयी दोन मते आहेत. संधिवातामुळे आत घातलेली लांब विजार झाकण्यासाठी ती होती, असे एक मत. व्यंगचित्रकार टॉम वेबस्टरच्या चित्रांनंतर त्याने तिचा बाणा केला, असे दुसरे. दोन्ही खरी असू शकतात.

३१ मार्च १९२८ रोजी स्कॉटलंडने वेम्बलीवर इंग्लंडला ५–१ ने हरवले, त्यात त्याचे दोन गोल (ॲलेक्स जॅक्सनचे तीन) होते. तरीही तो स्कॉटलंडकडून एकंदर आठच सामने खेळला. १९३७ मध्ये निवृत्त. कर्करोगाने लंडन येथे निधन.