पिल्लं न्यायला येताय ना, मग आधी एवढं वाचा

नमस्कार मंडळी. आमची कोंबडीच्या पिल्लांची हॅचरी छोटी आहे, पाटण खोऱ्यात, एक सेटर, एक हॅचर (अंडी उबवायचं आणि पिल्लं बाहेर काढायचं यंत्र) आणि घरातलीच चार माणसं, त्यामुळे बॉक्स हातात देताना प्रत्येकाशी अर्धा तास बोलायला जमत नाही, आणि जे काय बोलतो त्यातलं निम्मं तुम्ही एसटीत बसेपर्यंत विसरलेले असता. मग रात्री अकराला फोन येतो, की पिल्लं माना टाकायला लागलीत काय करू. म्हणून हा कागद. परसात १०-२० पिल्लं पाळणाऱ्यांसाठी आहे हा, ज्यांना ५०० चा शेड टाकायचाय त्यांनी वेगळं येऊन बसा, चहा पिऊ, त्याचं गणित निराळं आहे.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. दिवसा कुठलीही कोंबडी चांगलीच दिसते, उकरत असते, पळत असते. तिचं खरं काय चाललंय ते रात्री कळतं. त्यामुळे खाली सारखं सारखं ‘रात्री बॅटरी घेऊन जा’ असं येईल, कंटाळू नका.

कुठली घ्यायची

गिरिराज ही जात बंगळूरच्या पशुवैद्यकीय कॉलेजची, वजनाला चांगली. वनराज आणि ग्रामप्रिया या दोन्ही हैदराबादच्या सरकारी कुक्कुट संशोधन संस्थेच्या, त्यात वनराज अंडी-मटण दोन्हीला आणि ग्रामप्रिया जास्त करून अंड्याला. गावठी वर्षाला साधारण ६०-७० अंडी देते, सुधारित त्याच्या दुप्पट आणि वरही देतात, पण सुधारित कोंबडी सहसा खुडूक होत नाही, म्हणजे अंडी उबवायला बसत नाही, आणि झाली तरी अर्ध्यात उठून जाते. आमचं सरळ म्हणणं, सगळ्या सुधारित नेऊ नका, घरात एक-दोन गावठी असू द्या, तीच तुमची बिनलाइटची मशीन.

आणि हो, नर-मादी निवडून मिळणार नाही. एक दिवसाच्या पिल्लाचं लिंग ओळखणारी माणसं वेगळी असतात, आम्हाला ते येत नाही, आणि ‘नुसतं बघून ओळखतो’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. निम्मे कोंबडे निघणार हे धरूनच हिशोब करा, कधी २० मध्ये १३ पण निघतात, त्यावरून भांडायला येऊ नका राव.

घरच्या घरी उबवायची असतील तर

दुकानातल्या ट्रेमधली अंडी कोंबडीखाली ठेवली तर पिल्लं निघतील का, हे महिन्यातून दोनदा कोणीतरी विचारतंच. नाही निघणार. त्या शेडमध्ये कोंबडाच नसतो. ८-१० कोंबड्यांत एक कोंबडा असलेल्या घरची अंडी घ्या, ७ दिवसांच्या आतली, धुतलेली नकोत, फ्रिजमधली नकोत, फार लांबुडकी किंवा खरबरीत कवचाची नकोत.

कोंबडी खुडूक झाली की लगेच अंडी देऊ नका. दोन दिवस नुसती बसू द्या, पक्की आहे का बघा. आणि त्या दोन दिवसांत तिच्या उवा बघा, हे कोणीच करत नाही. २१ दिवस ती एका जागेवर हलणार नाही, अंगावर उवा असतील तर त्या तिला रात्रंदिवस चावतील, ती वैतागून अंड्यावरून उठेल, आणि पिल्लं निघाली की पहिल्याच दिवशी त्यांच्या डोक्यावर त्याच उवा. मागच्या वर्षी एका काकींच्या ११ पिल्लांतली ७ अशी गेली, त्यांना वाटलं दृष्ट लागली. पिल्लू हातात घेऊन डोक्यावरची लव फुंकून बाजूला केली तर उवा सुळकन आत पळताना दिसल्या.

पाटीत किंवा डालग्यात खाली थोडी माती, वर तूस किंवा वाळलं गवत, १०-१२ अंडी, जास्त नाही, कारण तिच्या पोटाखाली मावत नाहीत आणि कडेची थंड पडतात. कोंबडी बसवायची संध्याकाळी अंधार पडल्यावर, शांत बसते. रोज एकदा उठवून दाणा-पाणी. सातव्या रात्री मोबाइलची बॅटरी अंड्याच्या बोथट टोकाला लावून बघा, आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या तांबड्या शिरा आणि मध्ये एक काळा ठिपका दिसला की अंडं लागलं, सगळं स्वच्छ पिवळं दिसलं तर ते वांझ, काढून टाका, नाहीतर आत फुटून बाकीची नासवतं. आमची आजी अंड्यांत लोखंडी खिळा आणि कोळसा ठेवायची, वीज कडाडली तर अंडी नासू नयेत म्हणून. ठेवायचा तर ठेवा, काही बिघडत नाही, पण त्या भरवशावर पाटी पत्र्याच्या गळक्या कोपऱ्यात ठेवू नका.

उबवायची छोटी मशीन घेतली असेल तर पंख्यावाल्या मशीनला ३७.५ डिग्री, अंडी दिवसातून निदान तीनदा फिरवायची आणि १८ व्या दिवशी फिरवणं बंद करून पाणी वाढवायचं. त्यानंतर झाकण उघडून ‘बघू तरी’ करायचं नाही. पिल्लू चोच मारून थांबलं म्हणून कवच सोलायला जाऊ नका, ते १२-१५ तास थांबतं, कधी जास्त पण, त्याचं आत काम चालू असतं.

पहिले दहा दिवस

आमच्याकडून नेलेल्या पिल्लांत जी मरतात त्यातली बरीचशी रोगानं मरतच नाहीत, गारठ्यानं मरतात. आणि हल्ली त्याचं कारण म्हणजे एलईडी बल्ब. आम्ही सांगतो बल्ब लावा, लोक घरी जाऊन ९ वॅटचा एलईडी लावतात, उजेड लख्ख आणि ऊब शून्य. जुना काचेचा, तारेचा पिवळा बल्ब लागतो, पिल्लामागे दोन वॅट धरा, म्हणजे २०-२५ पिल्लांना ६० चा एक किंवा ४० चे दोन. दोन लावलेले बरे, एक उडाला तरी दुसरा असतो. पहिल्या आठवड्यात बल्बखाली ३५ डिग्रीच्या आसपास, मग दर आठवड्याला दोन-तीन डिग्री कमी, बल्ब वर वर घेत जायचं. थर्मामीटर नसला तरी चालेल, पिल्लंच थर्मामीटर आहेत. एकावर एक ढीग करून ओरडत असतील तर थंडी, बल्बपासून लांब भिंतीला चिकटून चोच उघडी टाकून बसली तर उकडतंय, सगळीकडे पसरून निवांत पडलेली असतील तर बरोबर. फक्त हे रात्री दोन-अडीचला उठून बघा, संध्याकाळी सातला बघून उपयोग नाही, तेव्हा पत्रा दिवसभराचा तापलेला असतो.

आमच्या पहिल्याच वर्षी, आषाढात, रात्री लाइट गेली, आम्ही म्हटलं येईल तासाभरात. सकाळी ६० पिल्लांचा ढीग कोपऱ्यात होता, खालची ३४ चेंगरून गेलेली. तेव्हापासून घरात गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची सवय लागली. तुम्ही पण ठेवा. आणि पिल्लांची जागा गोल करा, पुठ्ठा वाकवून, कोपरा ठेवूच नका.

घरी पोचल्यावर आधी गूळ घातलेलं कोमट पाणी, प्रत्येकाची चोच एकदा बुडवून दाखवा, दाणा दोन-तीन तासांनी. घाबरू नका, अंड्यातला बलक पोटात घेऊनच पिल्लू बाहेर येतं, त्यावर दोन दिवस निघतात, म्हणून तर एसटीनं पाठवता येतं. पहिले दोन-तीन दिवस मक्याचा बारीक भरडा कागदावर, नंतर स्टार्टर फीड (पिल्लांचं तयार खाद्य). जाहिरातीचा गुळगुळीत कागद अंथरू नका, पाय घसरून फाकतात ते फाकतातच. पाण्याचं भांडं उथळ, आत खडे टाकून. ढुंगणाला शी चिकटून वाळली असेल तर कोमट पाण्यानं भिजवून काढा, ओढू नका.

लस: मारेक्स रोगाची आम्ही इथूनच देऊन पाठवतो. ५ ते ७ व्या दिवशी लासोटा (मानमोडीची लस) डोळ्यात थेंब, १४ व्या दिवशी गंबोरो रोगाची, २८ व्या दिवशी लासोटा पुन्हा, सहा-सात आठवड्यांनी देवीची, आठव्या आठवड्यानंतर आर-टू-बी (ही पण मानमोडीचीच) पंखाखाली. मानमोडी, म्हणजे डॉक्टर राणीखेत म्हणतात ती, आली की औषध नाहीच, फक्त लस. अडचण अशी की लसीची लहानातली लहान बाटली १०० डोसची असते आणि तुमची पिल्लं १५. मग वाडीतले चार-पाच जण मिळून एक बाटली आणा, बर्फात घालून आणा, कालवल्यावर तासाभरात संपवा, उरलेली दुसऱ्या दिवसाला ठेवायची नाही.

खुराडं

जमिनीपासून दोन-तीन फूट वर, कोंबडीमागे दीड-दोन चौरस फूट जागा, लांब बाजू पूर्व-पश्चिम. आपल्याकडे पाऊस पश्चिमेकडून झोडपतो म्हणून त्या बाजूला पत्रा खाली ओढलेला हवा. लोक काय करतात, पावसाळ्यात चारी बाजूनं प्लास्टिक गुंडाळतात, कोंबडीला थंडी वाजेल म्हणून. मोठ्या कोंबडीला थंडी नाही वाजत, तिला कोंडलेल्या वाफेचा त्रास होतो. पत्र्याखाली वितभर फट उघडीच ठेवा. खुराड्यात खाली वाकून कोंबडीच्या उंचीवर श्वास घ्या, डोळे चुरचुरले तर तिचे रात्रभर चुरचुरतायत. तूस मुठीत दाबून बघा, लाडू झाला तर ओलं आहे, बदला. तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लांना रक्ती हगवण लागते ती या ओल्या तुसातच, शी तांबूस-चॉकलेटी दिसली आणि पिल्लं पिसं फुलवून बसली तर त्याच दिवशी डॉक्टरकडून औषध आणा, दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

षटकोनी कोंबडी-जाळी कोंबडी आत ठेवायला ठीक आहे, पण कुत्रं ती दातानं फाडतं आणि साप, उंदीर आरपार जातात. खालच्या दोन फुटाला अर्ध्या इंचाची वेल्ड केलेली जाळी मारा. मुंगूस चार बोटांच्या फटीतून येतो, खाण्यापेक्षा मारून जास्त टाकतो.

उवा, माइट, गोचीड, जंत

फोन सगळ्यात जास्त याचेच. अंडी कमी झाली, तुरा फिका पडला, कोंबडी खुराड्यात जायला नको म्हणते, झाडावर बसते. लोक म्हणतात फीड खराब. आम्ही म्हणतो रात्री बॅटरी घेऊन जा.

उवा अंगावरच राहतात, दिवसाही दिसतात. ढुंगणाजवळची पिसं बाजूला केली की मातकट, चपट्या, पळणाऱ्या, आणि पिसाच्या मुळाशी पांढऱ्या लिखांचे गुच्छ. माइट म्हणजे डोळ्याला जेमतेम दिसणारा बारीक किडा, त्याचं तसं नाही. तो दिवसा लाकडाच्या फटीत बसतो आणि रात्री येऊन रक्त पितो, त्यामुळे दिवसा कोंबडी कितीही उलटीपालटी केली तरी काही सापडत नाही. रात्री नऊनंतर पांढरं फडकं घ्या आणि कोंबड्या बसतात त्या दांडीच्या खालच्या बाजूनं फिरवा. फडक्यावर तांबड्या रेघा उठल्या की समजा माइट, ते तुमच्याच कोंबडीचं रक्त आहे. गोचीड पण तसाच, फटीत राहणारा, फक्त मोठा, चपटा, आणि उपाशी वर्षभरही टिकतो, म्हणून ‘वर्षभर रिकामं पडलेलं खुराडं आहे’ म्हणून निर्धास्त राहू नका.

त्यामुळे उवांना औषध कोंबडीला, माइटला औषध खुराड्याला. दांड्या काढा, उन्हात टाका, फटी कडक पाण्यानं धुवा, जमेल तिथे आगीची ज्योत फिरवा (खुराडं कुडाचं असेल तर नको हो), मग चुन्याचा दाट हात फटी बुजेपर्यंत. फवारायचं औषध डॉक्टरला विचारूनच, बाटलीवरच्या प्रमाणात, आणि शेतातलं तर अजिबात नाही, हरभऱ्यावरचं औषध कोंबडीवर मारून आठ कोंबड्या घालवलेला माणूस आमच्या ओळखीचा आहे. काहीही केलंत तरी ८-१० दिवसांनी पुन्हा करा, कारण लिखा आणि अंडी पहिल्या वेळी मरत नाहीत. एकदाच करून सोडणाऱ्यांचा महिन्यानं परत फोन येतो.

राखेचा खड्डा मात्र प्रत्येकानं करा. फुकटचं आहे. जुन्या टायरमध्ये किंवा घमेल्यात चुलीची चाळलेली राख आणि कोरडी माती निम्मी-निम्मी, वरून पत्र्याचा आडोसा, पावसात भिजली की राख निरुपयोगी. कोंबड्या आपसूक लोळतात.

पायाचे खवले वर उचलून पांढरट, जाडे झाले असतील तर तो वेगळा माइट, खवल्याखाली घुसलेला. कोमट साबणाच्या पाण्यात पाय भिजवा, जुन्या ब्रशनं हलक्या हातानं घासा, पुसून खोबरेल किंवा व्हॅसलीन जाड लावा, दोन-तीन दिवसाआड, महिनाभर. खवले ओरबाडू नका, रक्त येतं. रॉकेल लावायची जुनी पद्धत आहे, कातडी भाजते, सोडून द्या.

पोटातले जंत: उकिरड्यावर फिरणाऱ्या कोंबडीला होणारच, मुंग्या, भुंगे, माशा खाऊन पट्टकृमी, एकमेकींच्या शीतून गोलकृमी. खाते भरपूर आणि छातीचं हाड सुरीसारखं हाताला लागतं, हे लक्षण. दोन-तीन महिन्यांनी औषध, डोस वजनावर, डॉक्टर किंवा मेडिकलवाल्याकडून ऐकून घ्या आणि किती दिवस अंडी खायची नाहीत तेही विचारा. एका रात्रीत एकदम तीन-चार मेल्या तर मात्र घरगुती उपाय नको, ओढ्यात फेकणं तर नकोच, सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा, १९६२ वर फोन करा. फेब्रुवारी २००६ ला नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा लाखो कोंबड्या मारायला लागल्या होत्या.

खायला-प्यायला

फार काही नाही. फिरणाऱ्या मोठ्या कोंबडीला संध्याकाळी ४०-५० ग्रॅम दाणा पुरतो, कणी, मका, शिळी भाकरी. संध्याकाळीच द्या म्हणजे रात्री घरी येते. तलंग (कोवळी कोंबडी) अंड्यावर आली की शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत. बुरशी आलेला मका ‘कोंबड्यांना चालतो’ म्हणून देतात, चालत नाही, लिव्हर जातं.

नेताना

पिल्लं बुधवारी निघतात, सकाळी आठच्या आत या. बॉक्स डिकीत ठेवायचा नाही, मांडीवर, एसीच्या झोतात नाही. आणि रिकामा बॉक्स चार पैसे वाचतील म्हणून परत आणू नका, आम्ही घेत नाही, एका घरचा माइट दुसऱ्या घरी त्याच बॉक्समधून जातो. बंबात घाला.