ऑं (फ्रेंच सर्वनाम)

फ्रेंचमध्ये केवळ कर्ता म्हणून येणारे सर्वनाम. क्रियापद नेहमी तृतीयपुरुषी एकवचनी. अर्थ मात्र 'कोणीही', 'लोक' किंवा बोलीत 'आम्ही, आपण'.

लॅटिन 'होमो' (माणूस) या नामाच्या प्रथमेपासून ते आले, हे सर्वमान्य आहे. द्वितीयेच्या 'होमिनेम'पासून आजचे 'ऑम' (माणूस) हे नाम झाले. 'लॉं' या पर्यायी रूपातला 'ल' म्हणजे नामाला लागणारे जुने उपपद. नामाचे सर्वनाम कसे झाले, हा मात्र वादाचा विषय आहे. इ.स. ८४२ च्या स्ट्रासबर्गच्या शपथांतील (दोन फ्रँक राजांनी एकमेकांशी केलेला, दोन भाषांत नोंदलेला करार) रोमान्स, म्हणजे लॅटिनोद्भव भाषेतील, पाठात 'भावाचे रक्षण न्यायाने करावे तसे' या आशयाच्या वाक्यात 'ओम' हा कर्ता आहे, तर जर्मन पाठात त्याच जागी 'मान' (माणूस). त्यावरून काही अभ्यासक फ्रँक लोकांच्या जर्मानिक भाषेचा प्रभाव मानतात. परंतु जुन्या स्पॅनिश व इटालियनमध्येही असा प्रयोग आढळतो आणि कॅटलानमध्ये 'ओम' आजही आहे. त्यामुळे मूळ लॅटिनमधलेच असावे व जर्मानिक संपर्काने ते बळावले असावे, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

'आम्ही' हा अर्थ बोलीत साधारणतः एकोणिसाव्या शतकापासून रुळलेला दिसतो. त्यातून अन्वयाचा पेच उद्भवतो. 'ऑं ने तूस एगो' (आपण सारे समान आहोत) यात 'ए' (आधीच्या शब्दाला जोडून उच्चारताना 'ने') हे क्रियापद एकवचनी, पण 'एगो' हे विशेषण बहुवचनी; एकवचन 'एगाल'. येथे फरक ऐकू तरी येतो. 'ऑं ने तारिव्हे' (आम्ही आलो) यात तो केवळ लेखनात, धातुसाधिताच्या अंती येणाऱ्या अनुच्चारित 'एस'मध्ये उरतो. सगळ्या स्त्रिया असल्यास त्याआधी 'ई'ही लागतो. रूढी पुल्लिंगी एकवचनाची. तथापि फ्रेंच शिक्षण मंत्रालयाच्या २८ डिसेंबर १९७६ च्या आदेशाने परीक्षांत अर्थानुसारी लिंगवचनही ग्राह्य धरले. या अर्थी स्वामित्वदर्शकही 'आमचे'च येते: 'ऑं ना पेर्द्यू नो क्ले' (आम्ही आमच्या किल्ल्या हरवल्या).

आदरार्थी 'वू'मध्ये उलट घडते. एका व्यक्तीला 'वू झेत ल्वायाल' (तुम्ही एकनिष्ठ आहात), अनेकांना 'वू झेत ल्वायो': क्रियापद दोन्हीकडे बहुवचनी, विशेषण खऱ्या संख्येनुसार. मराठीत 'काका, तुम्ही मोठे आहात' यात दोन्ही बहुवचनी राहतात.

कॅनडातील माँट्रियलच्या फ्रेंच बोलीत कर्ता म्हणून 'नू' (आम्ही) जवळजवळ लोपला असून त्याची जागा 'ऑं'ने घेतली आहे.