गुन्हेगारी वर्तन : परिस्थिती आणि संगोपन (ग्रामीण विदर्भ)

माणसाच्या हातून गुन्हा घडतो त्यात त्याचे घर, बालपण, सोबत, पोटापाण्याची सोय आणि गावातली पत यांचा वाटा किती, हा गुन्हेशास्त्रातला जुना प्रश्न. इटालियन वैद्य चेझारे लोम्ब्रोझो याने १८७६ मध्ये ‘जन्मजात गुन्हेगारा’ची कल्पना मांडली. कवटी आणि जबड्याच्या ठेवणीवरून गुन्हेगार ओळखता येतो, असे तो म्हणे. ही कल्पना पुढे टिकली नाही. गुन्हा जवळच्या माणसांच्या सहवासात शिकला जातो, आणि त्यात गुन्ह्याची रीत जशी शिकली जाते तसे त्याचे समर्थनही, असे अमेरिकन समाजशास्त्रज्ञ एडविन सदरलँड यांनी सांगितले. ट्रॅव्हिस हर्शी यांनी १९६९ मध्ये प्रश्नच उलटा केला: बहुतेक माणसे गुन्हा का करत नाहीत? घर, शाळा आणि कामधंदा यांच्याशी असलेली बांधिलकी त्यांना आवरून धरते, हे त्यांचे उत्तर.

यातले सदरलँड यांचे म्हणणे विदर्भातल्या खेड्यात धुऱ्याच्या वादावरून सहज पटते. दोन शेतांमधला धुरा नांगरटीत थोडा थोडा सरकतो, किंवा पांदण रस्ता कोणी अडवतो, आणि भाऊबंदकी पेटते. मोजणी, तहसील, तारखा यांत वर्षे जातात. त्या घरातले पोरगे जेवताना रोज तेच ऐकत मोठे होते: त्यांनी आपली जमीन खाल्ली, आपण गप्प बसलो. पेरणीच्या तोंडावर कुऱ्हाड उचलणाऱ्याच्या नावावर पूर्वी साधी तक्रारही नसते. त्याने चोरी शिकलेली नसते, दारूही कदाचित पीत नसेल. डोक्यात घट्ट बसलेले असते ते कारण, आणि ते घरातूनच मिळालेले असते. गावातले तंटे गावातच मिटावेत म्हणून राज्यात २००७ मध्ये महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. अशा वादात वेळेवर बसलेली बैठक नंतरच्या खटल्यापेक्षा पुष्कळ काही वाचवते.

जादूटोण्याचा संशय हीही शिकवलेलीच गोष्ट आहे. गडचिरोली-चंद्रपूरकडच्या काही गावांत लेकरू आजारी पडले की कोणाची नजर, कोणाची करणी, हे मोठी माणसे पोरांसमोरच ठरवतात. पुढे एखाद्या म्हातारीला मारहाण होते, तेव्हा मारणाऱ्याला आपण गाव वाचवतो आहोत असेच वाटत असते. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने शिक्षेची सोय केली. भीती मात्र आजारातून उपजते, म्हणून जवळ चालता दवाखाना असणे इथे गुन्हा रोखण्याचेच काम करते.

दारूचा धंदा वेगळ्या वाटेने मुलांपर्यंत पोचतो. वर्धा जिल्ह्यात १९७० च्या दशकापासून आणि गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ ते २०२१ या काळात होती. बंदी असलेल्या भागात बाटल्या पोचवण्याचे काम पोट्ट्यांच्या गळ्यात पडते, कारण त्यांच्यावर संशय कमी आणि पकडले गेले तरी शिक्षा सौम्य, असा मोठ्यांचा हिशेब असतो. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७८ ने दारू विकण्यासाठी वा वाहण्यासाठी मुलाला वापरणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी ठेवली आहे. त्यामुळे पोत्यासह सापडलेल्या मुलाकडे पाहताना ते पोते त्याच्या हाती कोणी दिले, हा प्रश्न आधी यायला हवा.

परिस्थितीचा सगळ्यात खोल घाव मात्र पारधी बेड्यांवर, म्हणजे पारध्यांच्या वस्त्यांवर, दिसतो, आणि तो कायद्यानेच केलेला आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवण्याची वाट उघडली. नाव नोंदवायचे, हजेरी द्यायची, परवानगीशिवाय हद्द सोडायची नाही. १८९७ च्या दुरुस्तीने चार ते अठरा वर्षांची मुले आईबापांपासून तोडून सुधारवसाहतीत ठेवण्याची मुभा दिली. म्हणजे ज्या संगोपनाला दोष द्यायचा, तेच सरकारने मोडले. १९११ मध्ये हा कायदा देशभर लागू करण्याची सोय झाली आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो रद्द झाला. त्याच्या जागी राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांचे कायदे आले आणि संशय तसाच राहिला.

फासेपारधी फास लावून तितर, लावे, ससे, हरणे धरत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर बापाने पोराला शिकवलेला हाच कसब गुन्हा झाला. जंगल वाचवणे गरजेचेच होते. पण जमीन नाही, कागद नाहीत, आणि हाताला दुसरे कामही कोणी दिले नाही. आजूबाजूला चोरी झाली की पोलीस आधी बेड्यावर येतात. बाप उचलून नेला की घर बेडा सोडते, आणि पोराची शाळा तिथेच सुटते. अशा पोराने पुढे चोरी केली तर ‘जातच तशी’ म्हणणारे लोक कारण आणि परिणाम यांची अदलाबदल करतात.

वाईट बालपण म्हणजे ठरलेले भविष्य, असेही मानू नये. अमेरिकेत कॅथी विडम यांच्या १९८९ च्या अभ्यासात लहानपणी मारहाण वा हेळसांड सोसलेल्यांपैकी सुमारे २६ टक्क्यांना किशोरवयात अटक झाली होती; तुलनेसाठी घेतलेल्या इतर मुलांत हे प्रमाण १७ टक्के होते. फरक खरा आहे, पण जवळपास तीन चतुर्थांश मुलांना अटक झालीच नव्हती, हेही तितकेच खरे. विदर्भात कापूस वेचणीला किंवा वीटभट्टीवर आईबापांमागे फिरणारी, शाळा हुकणारी हजारो लेकरे आहेत, आणि त्यातली बहुतेक कष्टाचेच खातात.

अमरावती जिल्ह्यात नांदगाव खंडेश्वर तालुक्यातल्या मंगरूळ चव्हाळा इथे मतीन भोसले यांनी ‘प्रश्नचिन्ह’ ही शाळा उभी केली. ते स्वतः फासेपारधी. शिक्षकाची नोकरी सोडून त्यांनी भीक मागणारी, आईबाप तुरुंगात असलेली मुले गोळा केली. समृद्धी महामार्गाच्या कामात या शाळेच्या बांधकामाचा काही भाग गेला. मुले तिथेच शिकत राहिली.